ग्रंथ टिकतो म्हणजे कोण टिकते?

गोव्यातल्या आमच्या गावच्या देवळात चातुर्मासात पुराण सांगण्याची जुनी प्रथा आहे. ती चालू ठेवावी की नाही यावर महाजनांच्या, म्हणजे देवस्थानच्या सभासदांच्या, यंदाच्या आमसभेत तासभर वाद झाला, आणि तो ज्या रीतीने झाला त्यामुळे हे लिहिणे भाग पडले. पुराण ऐकायला पाचसहा वृद्ध माणसे बसतात, पुराणिक बाहेरगावाहून आणावा लागतो, भर पावसात त्याची ने-आण करावी लागते, ही तक्रार खरीच होती. तिच्यावर एका गटाने तोडगा काढला की पुराण बंद करावे आणि वाचलेल्या पैशांतून देवळातल्या जुन्या हस्तलिखित पोथीला चांदीची पेटी घडवावी. कारण वाचणारे आज आहेत, उद्या नाहीत, ग्रंथ मात्र अमर आहे. दुसऱ्या गटाला पेटीचाही खर्च नको होता. पाने स्कॅन करून ठेवली की पोथी कायमची सुरक्षित झाली, असे त्यांचे म्हणणे. मागे बसलेल्या दोघातिघा तरुणांनी, जे जुने झाले ते जाऊ द्यावे, ग्रंथालाही त्याचे आयुष्य असते, असे म्हणून पाहिले आणि त्यांना लगेच खाली बसवण्यात आले. तिन्ही पक्ष एकमेकांवर तुटून पडत होते खरे, पण ग्रंथ ही माणसापासून वेगळी, आपल्या बळावर टिकणारी किंवा मरणारी वस्तू आहे, हे तिघांनीही गृहीत धरले होते. माझा आक्षेप त्या गृहीतालाच आहे.

धर्मग्रंथ दीर्घायुषी असतात, हे कोण नाकारील? परंतु ते आयुष्य त्यांच्या अंगचे नसते. अल्पायुषी माणसांनी आपल्या दिवसांतले काही दिवस काढून ते त्यांना दिलेले असते, आणि हे देणे कोणत्याही पिढीत थांबू शकते. म्हणून ‘ग्रंथ अमर, माणूस क्षणभंगुर’ ही तुलनाच फसवी आहे. तिच्यात एकाच खात्यातली रक्कम दोन ठिकाणी मांडलेली असते. ज्ञानेश्वरी शके 1212 ची, म्हणजे इसवी सन 1290 ची. पंचवीस वर्षांची एक पिढी धरली तर तेव्हापासून आपल्यापर्यंत सुमारे तीस पिढ्या होतात. प्रत्येक पिढीतला एकेक माणूस उभा केला तर ती सगळी रांग आमच्या देवळाच्या सभामंडपात मावेल आणि वर आरतीपुरती जागाही उरेल. अशा रांगा अनेक होत्या, म्हणून ज्ञानेश्वरी आपल्यापर्यंत आली. ज्या ग्रंथांच्या वाट्याला एकच रांग आली आणि तीही मध्येच तुटली, त्यांची नावेसुद्धा आज कोणाला सांगता येणार नाहीत.

विरुद्ध बाजूचे म्हणणे दुबळे नाही, आणि ते दुबळे करून खोडण्यात काही साधणारही नाही. ज्ञानेश्वर एकविशी-बाविशीतच समाधिस्थ झाले. त्यांचा ग्रंथ सात शतके उलटली तरी पारायणाला लागतो. पोर्तुगीजांची सत्ता गोव्यात 1510 पासून 1961 पर्यंत होती. जुन्या काबिजादींत, म्हणजे पोर्तुगीजांनी आधी जिंकलेल्या तालुक्यांत, तिने ज्या पूजाअर्चेवर बंदी घातली ती आज सुरू आहे आणि बंदी घालणाऱ्यांची बिरुदे वस्तुसंग्रहालयात आहेत. गवत सुकते, फूल कोमेजते, पण देवाचे वचन सर्वकाळ टिकते, अशा अर्थाचे वचन बायबलातील यशयाच्या ग्रंथात आहे, आणि त्या वचनाला जणू इतिहासाने साक्ष द्यावी अशी गोष्ट 1947 च्या सुमारास घडली. मृत समुद्राकाठच्या कुमरान येथील गुहांत मातीच्या रांजणांतून ज्या गुंडाळ्या निघाल्या, त्यांत याच यशयाच्या ग्रंथाची एक जवळजवळ अखंड प्रत होती. तोवर ठाऊक असलेल्या हिब्रू प्रतींपेक्षा ती सुमारे हजार वर्षे जुनी होती. तिच्यात लेखनाचे आणि शब्दांचे बारीकसारीक भेद पुष्कळ सापडले, पण ग्रंथ ओळखू यावा इतका तोच होता. एकोणीस शतके कोणाचाही हात न लागता ग्रंथ अंधारात पडून राहिला आणि पुन्हा उजेडात आला. माणसावाचून ग्रंथ टिकतो याला याहून मोठा पुरावा कोणता हवा?

पण तो पुरावा नेमका कशाचा आहे, हे रांजण उघडल्यानंतर काय घडले ते पाहिल्यावर कळते. ती गुंडाळी उलगडल्यावर जेरुसलेममधल्या विद्वानांना ती वाचता आली, कारण मधल्या सगळ्या काळात, देशोधडीला लागलेल्या अवस्थेतही, यहुदी लोकांनी आपल्या प्रार्थनास्थळांत हिब्रू वाचणे एका आठवड्यालाही सोडले नव्हते. गुहेने चामडे जपले. वाचणाऱ्यांनी ग्रंथ जपला. हे दोन्ही वेगळे करून पाहायचे असेल तर क्रोएशियातल्या झाग्रेब येथील एका तागाच्या कापडाकडे पाहावे. प्राचीन इटलीतील एट्रुस्कन लोकांचा हा धार्मिक विधींचा ग्रंथ. त्याच्या पट्ट्या फाडून इजिप्तमध्ये एका ममीभोवती गुंडाळल्या गेल्या, म्हणून तो वाचला. त्यातले सुमारे बाराशे शब्द आजही दिसतात, अक्षरे ओळखीची असल्यामुळे ते उच्चारताही येतात. पण ती भाषा बोलणारे संपले, आणि आज त्या ग्रंथाचा जेमतेम काही भागच तर्काने लावता येतो. कोणत्या दिवशी कोणत्या देवाला काय अर्पण करावे, हे ज्यांच्यासाठी लिहिले ते नाहीत आणि जे वाचतात त्यांना ते काही अर्पण करायचे नाही. तो ग्रंथ टिकला म्हणायचे का?

इतक्या दूर जाण्याचीही गरज नाही. अशोकाने आपले लेख दगडावर कोरले ते टिकावेत याच हेतूने, आणि हा हेतू त्याने लेखातच सांगून ठेवला आहे: पुत्रपौत्रांपर्यंत, चंद्रसूर्य असेपर्यंत हे राहो. ज्या स्तंभावर हे वाक्य आहे तोच स्तंभ चौदाव्या शतकात फिरोजशाह तुघलकाने तोपऱ्याहून दिल्लीला आणवला. त्याने पंडित बोलावले, आणि त्यांच्यापैकी एकालाही त्यावरचे एक अक्षर लागले नाही. चंद्र होता, सूर्य होता, स्तंभही शाबूत होता. वाचणारा नव्हता. पुढे जेम्स प्रिन्सेपने 1837 साली ब्राह्मी लिपीचा उलगडा केला तेव्हा अशोक पुन्हा बोलू लागला, आणि त्यानंतर तीन वर्षांतच प्रिन्सेप वयाच्या चाळिसाव्या वर्षी वारला. चंद्रसूर्यांच्या हवाली केलेले काम शेवटी अशा एका माणसाच्या चाळीस वर्षांतल्या थोड्या दिवसांनी पार पाडले.

यावर श्रद्धावान वाचक म्हणेल की कातडे, कापड, दगड यांची गोष्ट वेगळी. आम्ही ज्याला अमर म्हणतो तो शब्द आहे, आणि वेद तर अपौरुषेय आहेत. हा आक्षेप मला सर्वांत गंभीर वाटतो, आणि त्याचे उत्तर बाहेरून देण्याऐवजी त्याच परंपरेतून देता येते. मीमांसकांनी शब्द नित्य मानला हे खरे, पण त्यांनीच ध्वनी अनित्य मानला. नित्य शब्द प्रकट व्हायचा तर कोणाच्या तरी कंठातून, त्या क्षणापुरता. कंठ नसेल तर शब्द नित्य असूनही ऐकू येणार नाही. तैत्तिरीय उपनिषदात शिकून घरी निघालेल्या शिष्याला गुरू जे सांगतो त्यात ‘प्रजातंतू तोडू नकोस’ आणि ‘स्वाध्याय-प्रवचनात हयगय करू नकोस’ हे दोन्ही आदेश एकाच उपदेशात येतात. जे आपोआप टिकणार आहे त्याच्यासाठी हयगय करू नकोस असे कोणी कशाला बजावील? आणि गीतेच्या चौथ्या अध्यायात तर श्रीकृष्ण स्वतःच सांगतो की हा योग परंपरेने राजर्षींना ठाऊक होता, पण दीर्घकाळाने तो इथे नष्ट झाला: ‘स कालेनेह महता योगो नष्टः परंतप’. अमरत्वाची ग्वाही म्हणून जो ग्रंथ आपण डोक्यावर घेतो, तो आपली शिकवण एकदा हरवली होती हे उघडपणे मान्य करतो.

आकडे पाहिले तर हे अधिकच टोचते. पतंजलीने महाभाष्यात ऋग्वेदाच्या 21, यजुर्वेदाच्या 101, सामवेदाच्या 1000 आणि अथर्ववेदाच्या 9 शाखा सांगितल्या आहेत. बेरीज 1131 होते. युनेस्कोने वेदपठणाची परंपरा मानवजातीच्या अमूर्त वारशात घेताना, हजाराहून अधिक शाखांपैकी तेराच उरल्याचे नमूद केले, आणि ज्या पाठशाळा लवकरच नामशेष होण्याच्या वाटेवर आहेत त्यांत महाराष्ट्राचेही नाव घेतले. पदपाठ, क्रमपाठ, जटापाठ, घनपाठ अशी उलटसुलट गुंफण करून एक स्वरही हलू नये अशी व्यवस्था ज्यांनी केली, त्यांच्या हातून हजारावर शाखा गेल्या. ग्रंथात सामर्थ्य असले तर माणसे त्याला वाहून नेतातच, असे सांगणाऱ्यांचे म्हणणे मला निम्मे मान्य आहे. टाकाऊ पुस्तकासाठी कोणी शतकानुशतके घसा सुकवत नाही. पण मग हरवलेल्या हजार शाखा काय टाकाऊ होत्या? त्या म्हणणारी घरे दुष्काळात उठली, यजमान गेले, मुलगा नोकरीला लागला, कुठे मुलगाच नव्हता. ग्रंथाच्या गुणाशी याचा काही संबंध नाही.

गोव्यात बसून या प्रश्नावर लिहिताना एका जोडीचे उदाहरण टाळता येत नाही, कारण इतके नेमके उदाहरण दुसरीकडे मिळणार नाही. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट 1579 साली गोव्यात आला आणि 1619 साली वारला. इथल्या नव्या ख्रिस्ती लोकांची जुनी पुराणे बंद झाली होती आणि त्यांना त्यांच्या जागी दुसरे पुराण हवे होते. ते त्याने मराठी ओवीत रचले, सुमारे अकरा हजार ओव्यांत. इथल्या लिपीचे खिळे पाडण्याची त्याची इच्छा होती. ती साधली नाही, म्हणून ‘ख्रिस्तपुराण’ रोमन अक्षरांत 1616 साली रायतूरला छापले गेले. पुढे 1649 आणि 1654 साली त्याच्या आणखी दोन आवृत्त्या निघाल्या. आशियात युरोपीय पद्धतीच्या मुद्रणाचे पहिले यंत्र 1556 साली गोव्यात उतरले होते. म्हणजे त्या काळातले ग्रंथ टिकवण्याचे सर्वांत आधुनिक साधन या पुराणाच्या दिमतीला होते, पाठीशी राजसत्ता होती, धर्मसत्ता होती. आज त्या तीन आवृत्त्यांपैकी एकीचीही एक प्रत कुठे ज्ञात नाही. ग्रंथ आपल्याला मिळाला तो हाताने उतरवलेल्या नकलांमुळे. गोव्यातून निघून कर्नाटकच्या किनाऱ्यावर स्थायिक झालेल्या ख्रिस्ती कुटुंबांनी तो वाचला, गायला, कागद जीर्ण झाला की पुन्हा उतरवला. आणि अशा नकलांवरून जोसेफ साल्डान्हा यांनी 1907 साली मंगळूरला तो पुन्हा छापला. छापखान्याने जे गमावले ते बोरूने राखले, असे म्हणता येईल, पण तेही अपुरे होईल. बोरू धरणाऱ्या हाताला ते उतरवावेसे वाटले, कारण घरात कोणीतरी ते म्हणत होते.

या जोडीतले दुसरे उदाहरण नेमके उलटे आहे. सोळाव्या शतकात तिसवाडी, बारदेश, सासष्टीत देवळे पडली. देव रातोरात नदीपार अंत्रूज महालात, म्हणजे आजच्या फोंड्यात, नेले गेले, त्यांची कहाणी आपण अभिमानाने सांगतो. मंगेश कुशस्थळीहून प्रियोळला आला तो माणसांच्या खांद्यावरून. पोथ्या मात्र साऱ्याच नदीपार गेल्या नाहीत. त्याच शतकात मिशनऱ्यांनी इथल्या लोकांचा धर्म समजून घेऊन त्याचे खंडन करता यावे म्हणून रामायण-महाभारतातल्या कथा आणि मराठी काव्ये रोमन लिपीत उतरवून घेतली. ती बाडे पोर्तुगालमधल्या ब्रागा शहराच्या ग्रंथालयात जाऊन पडली आणि विसाव्या शतकात अभ्यासकांच्या नजरेस येईपर्यंत तिथेच राहिली. कागद उत्तम, शाई उत्तम, वाळवी नाही. कोकणी गद्याचा इतका जुना नमुना आपल्याला त्यांच्यामुळेच मिळाला, त्याचे ऋण मी मानतो. पण मधल्या साडेतीनशे वर्षांत त्यातल्या रामाचा वनवास ऐकून कोणाचे डोळे भरून आले नाहीत, त्यातली ओवी कोणी दळताना म्हटली नाही. आमसभेत सुचवलेली चांदीची पेटी ही मला ब्रागाच्या कपाटाची छोटी आवृत्ती वाटते. केळशीच्या कृष्णदास शामांनी 1526 साली मराठीत श्रीकृष्णाचे चरित्र रचायला घेतले. आज त्यांचे नाव 1832 पासून चालत आलेल्या आपल्या मध्यवर्ती ग्रंथालयाला आहे. पणजीत पाट्ट्यावरच्या त्या इमारतीत रोज किती जण जातात आणि त्यांतल्या कितींनी त्या चरित्रातली एक तरी ओवी कानांनी ऐकली आहे?

आता थोडे घरचे. आमच्या देवखोलीत श्रीधरस्वामींच्या हरिविजयाची हस्तलिखित प्रत होती. घराच्या वाटण्या झाल्या तेव्हा समया, घंगाळी, पाट वाटून झाल्यावर तांबड्या रुमालात बांधलेली ही पोथी कोणी मागितली नाही, म्हणून ती माझ्याकडे आली. रुमाल सोडून पाहिले तर वाळवीने वरच्या पानापासून जवळजवळ शेवटच्या पानापर्यंत करंगळी जाईल एवढे भोक सरळ पाडत नेले होते. प्रत्येक पानावर त्याच जागी, दोन ओळींतली तीनचार अक्षरे नाहीशी. माझी आते तेव्हा ऐंशीच्या पुढे होती आणि तिला दिसत नव्हते. मी वाचायला बसायचो, भोकापाशी येऊन थांबायचो, आणि ती गेलेला शब्द सहज सांगून पुढची ओळ म्हणू लागायची. लहानपणी तिला पोथीला हात लावू देत नसत. आजोबा ओसरीवर वाचत आणि ती आत स्वयंपाकघरात तांदूळ निवडता निवडता ऐके, तेवढ्यावर तिचे पाठांतर झाले होते. मी पेन्सिलीने तिचे शब्द भोकाशेजारी लिहीत गेलो. मात्र काही ठिकाणी तिचा शब्द आणि बाजारातून आणलेल्या छापील प्रतीतला शब्द जुळेना, आणि तिथे मी, शिकलेला माणूस, छापील शब्द लिहिला. तिचा शब्द छंदात बसत होता, त्याचा अर्थही लागत होता. छापील प्रतीसुद्धा कुठल्यातरी हस्तलिखितावरूनच तयार होते आणि आमच्या पोथीतला पाठ वेगळा असू शकतो, हे मला पुढे कळले. आतेला जाऊन आता बारा वर्षे झाली आहेत. पोथीत माझ्या अक्षरात छापील पाठ आहेत आणि आमचे पाठ कोणते होते ते मला सांगता येत नाही.

जुन्या लेखकूंना हे सगळे पक्के ठाऊक होते. पोथीच्या शेवटी ते जे श्लोक लिहीत त्यांत अमरत्वाचा डौल कुठेच नाही. पाठ, कंबर, मान मोडून, खाली मान घालून, कष्टाने हा ग्रंथ लिहिला आहे, तो जतन करा, असे ते सांगत. आणि पोथीच्याच तोंडी घालत की मला तेलापासून राखा, पाण्यापासून राखा, सैल बांधणीपासून राखा आणि मूर्खाच्या हाती देऊ नका. ही भाषा आजारी माणसाची काळजी घ्यायला सांगावी तशी आहे. सच्चिदानंदबाबांनी उतरवलेली ज्ञानेश्वरीची मूळ प्रत आज कुठेही नाही, आणि ग्रंथ होऊन तीनशे वर्षे होतात न होतात तोच नकलांतून इतके अपपाठ शिरले की शके 1506 मध्ये, म्हणजे 1584 साली, एकनाथांना तो शुद्ध करावा लागला. ग्रंथ मुळात अतिशुद्धच, पण पाठांतरात अशुद्धी शिरली, असे त्यांनी लिहून ठेवले, आणि या ग्रंथात जो स्वतःची ओवी घालील त्याने अमृताच्या ताटात नरोटी, म्हणजे करवंटी, ठेवली असे समजावे, असा दमही दिला. दम द्यावा लागला, याचा अर्थ नरोट्या ठेवल्या जात होत्या. भांडारकर संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती हाती घेतली 1919 मध्ये आणि ती पुरी झाली 1966 मध्ये; 1259 हस्तलिखिते ताडून पाहिली गेली, आणि ज्यांनी या कामाची पद्धत घालून दिली ते सुखटणकर 1943 मध्येच निवर्तले होते. त्यांच्या जागी दुसरे बसले. आमच्या प्रियोळचे अ. का. प्रियोळकर मुक्तेश्वरांच्या आदिपर्वाच्या पाठांसाठी झिजले ते याच जातीचे. ग्रंथ अमर असता तर या माणसांना काय काम होते?

मागे बसलेल्या तरुणांना खाली बसवले गेले, हे मला आवडले नाही, कारण त्यांच्या म्हणण्यात एक खरी गोष्ट होती. टिकणे म्हणजे योग्य असणे नव्हे. डॉ. आंबेडकरांनी 25 डिसेंबर 1927 रोजी महाडला मनुस्मृती जाळली तेव्हा त्या ग्रंथाच्या प्रती संपणार नाहीत हे त्यांना कळत नव्हते, असे कोणी समजू नये. तो ग्रंथ आजही कोणत्याही मोठ्या ग्रंथालयात मिळतो. संपवायचे होते ते त्याच्यापुढे मान तुकवणे, आणि ते माणसांनी पुढे चालवले तरच चालणार होते. ग्रंथाला अमर म्हणण्यातला धोकाही इथेच आहे: ग्रंथ शाश्वत, तुम्ही चार दिवसांचे, मग तुमच्या दुःखाची तक्रार ती काय, असे म्हणायला ती सोयीची पायरी ठरते. पण तरुणांचा निष्कर्ष मला पटत नाही. काय जाऊ द्यायचे हे ठरवायला आधी ते वाचावे लागते, आणि न वाचता जे जाते ते निवडून गेलेले नसते.

स्कॅन करणाऱ्यांशी माझे भांडण कमी आहे. स्कॅन करावेच, आमची पोथी भोक पडण्यापूर्वी स्कॅन झाली असती तर मी आज रडलो नसतो. पण ‘कायमची सुरक्षित’ हा शब्द मला टोचतो. मी 1998 साली संगणकावर टाइप करून ठेवलेल्या भजनांच्या फाइली आज उघडल्या तर पडद्यावर इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा चिवडा दिसतो, कारण तो फाँट आता कुठल्या यंत्रावर नाही. खटपट करून त्या बदलून घेता येतात, हेही खरे. खटपट कोणीतरी करावी लागते एवढाच माझा मुद्दा. आणि चित्र कितीही स्वच्छ आले तरी ते वाचणार कोण? आपल्या अभिलेखागारात कोमुनिदादींचे, म्हणजे गोव्यातल्या जुन्या ग्रामसंस्थांचे, गोंयकानडी लिपीतले जुने कागद आहेत. त्यांची चित्रे काढणे सोपे आहे, ती लिपी सरळ वाचणारी माणसे मात्र हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरली आहेत.

प्रत मर्त्य असते हे इतर धर्मपरंपरांनी मोकळेपणाने मान्य केले आहे. शीख लोक गुरू ग्रंथसाहिबाची जीर्ण झालेली प्रत सन्मानाने अग्नीला देतात; ज्याला ते जिवंत गुरू मानतात त्याच्या प्रतीला माणसासारखा अंत्यसंस्कार मिळतो, आणि पाठ दुसऱ्या प्रतीवरून चालू राहतो. आपल्याकडेही जुनी पोथी नदीत सोडण्याची रीत होतीच, आणि तिच्यापायी किती दुर्मीळ पाठ मांडवी-जुवारीत गेले असतील या विचाराने अंगावर काटा येतो; पण निदान त्या रीतीत, नवी नक्कल झाल्यावर जुनी सोडायची, एवढे भान तरी होते. वास्कोला श्रीदामोदराचा भजनी सप्ताह शंभरावर वर्षे चालला आहे. नाव सप्ताह, पण भजन चोवीस तासांचे, आणि नियम एकच की ते खंडता कामा नये. एक मंडळ थकले की दुसरे पुढे सरकते. पहाटे तीनला मंडपात माणसे कमी असतात, आवाज बसलेले असतात, तरीही येणाऱ्याने सूर धरल्यावाचून जाणारा टाळ खाली ठेवत नाही. त्या चोवीस तासांत अखंड काय असते? एकही गाणारा अखंड गात नाही. मला ग्रंथाच्या दीर्घायुष्याचे याहून खरे वर्णन माहीत नाही, आणि आमसभेत कोणालाही ते आठवले नाही, याचे आश्चर्य वाटते. कारण निम्मी सभा दर श्रावणात तिकडे जाते.

म्हणून देवस्थानच्या पैशांबद्दल माझे मत उलट्या क्रमाचे आहे. आधी पुराणिकाचे मानधन, आणि त्याच्याजवळ बसून पोथी वाचायला शिकतील अशा गावातल्या दोघा मुलामुलींना, होय, मुलींनाही, थोडे विद्यावेतन, मग स्कॅनिंग, मग कापूर, कडुलिंबाचा पाला आणि कोरडा रुमाल, ज्याला फारसा खर्च येत नाही, आणि शेवटी काही उरलेच तर चांदी. पाच म्हातारे ऐकायला येतात म्हणून पुराण बंद करायचे, तर ते पाच गेल्यावर पेटीतली वस्तू काय आहे हे सांगणारा कोण राहील?

सभेने पेटीच्या बाजूने कौल दिला. गेल्या आठवड्यात माप घ्यायला शेट, म्हणजे सोनार, आला होता. त्याने रुमालासकट पोथीची लांबी-रुंदी घेतली, वजन विचारले, आणि मग कामाचा म्हणून एक प्रश्न केला: पेटी रोज उघडायची आहे की वर्षातून एकदा? रोज उघडणार असाल तर बिजागरी जाड घालावी लागेल, नाहीतर पातळ चालेल, तेवढी चांदी वाचेल. समितीचे तिघे जण तिथे उभे होते. ते एकमेकांकडे पाहू लागले, आणि विचार करून कळवतो असे त्याला सांगण्यात आले. अद्याप कोणी कळवलेले नाही.